विश्लेषण : रविवारची सुट्टी, वेळेवर पगार, अपघाताची भरपाई… लोखंडे यांच्या पाच मागण्यांचे १४० वर्षांत काय झाले?

चंदनसार (विरार पूर्व) : विरार स्टेशनहून पूर्वेला मुंबई-अहमदाबाद महामार्गाकडे निघाले की चंदनसार लागते. या पट्ट्यात छोट्या कारखान्यांचे गाळे आहेत, गोदामे आहेत आणि सकाळची लोकल पकडून अंधेरी, लोअर परळ गाठणारा मोठा नोकरदार वर्गही आहे. गाळ्यातला कामगार आणि एसी ऑफिसातला कर्मचारी यांचे काम वेगळे असले तरी तक्रारी बऱ्याचदा सारख्याच असतात. हक्काची सुट्टी मिळत नाही. पगार लांबतो. जादा तासांचा हिशेब कुणी ठेवत नाही. मशीनमध्ये हात सापडला तर खर्च कोणी करायचा, यावर वाद होतो.

नेमक्या याच तक्रारी १८८४ मध्ये मुंबईतल्या ५,५०० गिरणी कामगारांनी सह्या करून सरकारपुढे मांडल्या होत्या. त्यामागे होते नारायण मेघाजी लोखंडे. भारतातील कामगार चळवळीचे जनक म्हणून त्यांची ओळख आहे. त्यांचा जन्म ठाण्याचा. पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत, म्हणजे १ ऑगस्ट २०१४ पर्यंत, चंदनसारही ठाणे जिल्ह्यातच होते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि कामाचे तास, साप्ताहिक सुट्टी, पगाराची तारीख हे विषय पुन्हा चर्चेत आले. हे हक्क आले कुठून, त्यासाठी किती वर्षे लागली आणि आज ते कोणाला मिळतात? लोखंडे यांच्या आयुष्यातून समजून घेऊ.

नारायण मेघाजी लोखंडे कोण होते?

लोखंडे यांचा जन्म १८४८ मध्ये ठाण्यात फुलमाळी समाजातील गरीब कुटुंबात झाला. कुटुंब मूळचे पुणे जिल्ह्यातील कन्हेरसरचे, पोटापाण्यासाठी ठाण्यात आलेले. मॅट्रिकपर्यंत शिक्षण झाल्यावर त्यांनी आधी रेल्वेत आणि नंतर टपाल खात्यात नोकरी केली. पुढे मुंबईत मांडवीच्या कापड गिरणीत ते स्टोअरकीपर झाले.

ही नोकरी महत्त्वाची ठरली. स्टोअरकीपर म्हणजे आजच्या भाषेत स्टाफ. तो मागावर उभा राहत नाही, पण मागावर उभ्या असलेल्या माणसाला रोज पाहतो. कामगार किती वाजता येतो, किती वाजता सुटतो, पगार कधी होतो आणि दंड कशाचा कापला जातो, हे सगळे लोखंडे यांना जवळून दिसले.

त्याच काळात ते महात्मा जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक चळवळीत आले. फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाजाची स्थापना केली होती. शेतकरी आणि मजूर यांच्या कष्टाचा प्रश्न ही चळवळ मांडत होती. लोखंडे यांनी तोच प्रश्न गिरणीच्या फाटकापर्यंत नेला.

‘दीनबंधू’चा या लढ्यात काय वाटा होता?

‘दीनबंधू’ हे सत्यशोधक विचारांचे साप्ताहिक कृष्णराव भालेकर यांनी १८७७ मध्ये पुण्यात सुरू केले. पैशांअभावी ते चालवणे अवघड झाले, तेव्हा १८८० मध्ये लोखंडे यांनी ते मुंबईत आणले आणि संपादनाची जबाबदारी घेतली. १८९७ मध्ये मृत्यू होईपर्यंत ती त्यांच्याकडेच होती.

कामगारांची बाजू नियमित मांडणारे वर्तमानपत्र त्या काळात मराठीत जवळपास नव्हतेच. गिरणीत काय चालते याची माहिती ‘दीनबंधू’तून छापून येऊ लागली. सभेची सूचना, निवेदनातल्या मागण्या आणि सरकारी चौकशीच्या बातम्या कामगारांपर्यंत पोहोचवण्याचे तेच साधन होते.

तेव्हाच्या गिरण्यांत काम कसे चालायचे?

मुंबईतली पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये उभी करायला घेतली आणि १८५६ मध्ये तिचे उत्पादन सुरू झाले. पुढच्या तीन दशकांत गिरण्यांची संख्या झपाट्याने वाढली. कोकण आणि घाटावरून माणसे कामासाठी मुंबईत येऊ लागली.

गिरणीत विजेचे दिवे येण्यापूर्वीची ही गोष्ट आहे. काम उजाडल्यावर सुरू व्हायचे आणि दिवस मावळल्यावर थांबायचे. त्यामुळे उन्हाळ्यात दिवस मोठा झाला की कामाचे तासही आपोआप वाढत. ठरावीक साप्ताहिक सुट्टी नव्हती. सणावाराला गिरणी बंद राहायची, पण एरवीच्या रविवारी यंत्रे साफ करायलाही कामगारांना बोलावले जाई.

भरती जॉबरच्या हातात होती. कामावर घेणारा तोच आणि काढणारा तोच, त्यामुळे त्याची मर्जी राखावी लागे. पगार अडकवून ठेवण्याची पद्धत होती. मागचा पगार मालकाकडे बाकी असल्याने कामगाराला नोकरी सोडून जाणेही कठीण व्हायचे. आज ‘फुल अँड फायनल’ अडकल्यामुळे नोकरी बदलताना जी कोंडी होते, ती नवी नाही.

१८८१ चा फॅक्टरी कायदा अपुरा का पडला?

भारतातला पहिला फॅक्टरी कायदा १८८१ मध्ये झाला. यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या आणि १०० किंवा त्याहून अधिक माणसे असलेल्या कारखान्यांपुरताच तो होता. ७ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास त्याने बंदी केली. ७ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला ९ तासांची मर्यादा आणि महिन्याला ४ सुट्ट्या ठरवल्या. मोठ्या माणसांच्या तासांबद्दल किंवा सुट्टीबद्दल त्यात काहीच नव्हते.

या कायद्यामागे वेगळे राजकारणही होते. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या कापड उत्पादकांना मुंबईच्या गिरण्यांची स्पर्धा नको होती. इथल्या कारखान्यांवर बंधने यावीत म्हणून ते दबाव आणत होते. त्यामुळे भारतातल्या अनेक राष्ट्रीय विचारांच्या पुढाऱ्यांनी आणि वर्तमानपत्रांनी फॅक्टरी कायद्याला विरोध केला. देशी उद्योग वाचवायचा असेल तर असे कायदे नकोत, असा त्यांचा युक्तिवाद होता.

मुंबईत सोराबजी शापुरजी बंगाली यांच्यासारख्या मोजक्या लोकांनी कायद्याची बाजू घेतली. लोखंडेही त्याच बाजूचे होते. लँकेशायरचा हेतू काहीही असो, गिरणीतल्या माणसाला विश्रांती हवी की नको हा प्रश्न त्यामुळे मिटत नव्हता. उद्योग देशी आहे म्हणून त्यातल्या कामगाराचे तास मोजायचे नाहीत, हे लोखंडे यांना मान्य नव्हते.

त्या पाच मागण्या कोणत्या?

१८८१ च्या कायद्यात बदल हवेत का, हे पाहण्यासाठी मुंबई सरकारने १८८४ मध्ये फॅक्टरी कमिशन नेमले. मालकांची बाजू मांडायला त्यांची संघटना होती. कामगारांची बाजू कोण मांडणार, हा प्रश्न होता. लोखंडे यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये परळच्या सुपारीबागेत कामगारांच्या सभा घेतल्या. तिथे मागण्या ठरल्या, निवेदन तयार झाले आणि ५,५०० कामगारांच्या सह्यांनिशी ते कमिशनला देण्यात आले.

निवेदनातल्या मागण्या अशा होत्या :

१. सर्व गिरणी कामगारांना दर रविवारी पूर्ण सुट्टी मिळावी.

२. दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती मिळावी.

३. काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावे आणि सूर्यास्ताला थांबावे.

४. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावा.

५. कामावर गंभीर दुखापत झाल्यास बरा होईपर्यंत कामगाराला पूर्ण पगार मिळावा आणि कायमचे अपंगत्व आल्यास त्याच्या उदरनिर्वाहाची सोय व्हावी.

या यादीत पगारवाढीची मागणी नाही. कामाची वेळ, विश्रांती, पगाराची तारीख आणि अपघात या चार गोष्टींचे लेखी नियम असावेत, एवढेच मागणे होते. आज कोणत्याही कंपनीची एचआर पॉलिसी उघडली तर पहिल्या काही पानांवर हेच विषय असतात.

कमिशनने निवेदन घेतले, पण कायद्यात लगेच बदल झाला नाही. त्यासाठी आणखी सहा-सात वर्षे गेली.

१० जून १८९० रोजी काय घडले?

लोखंडे यांनी पाठपुरावा सोडला नाही. १८८९ मध्ये पुन्हा निवेदन दिले गेले. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत महालक्ष्मीच्या रेसकोर्स मैदानावर कामगारांची मोठी सभा झाली. सुमारे १० हजार कामगार आल्याची नोंद आहे. या सभेत दोन स्त्री कामगारांनीही भाषणे केली. १८९० च्या मुंबईत गिरणीत काम करणाऱ्या बायकांनी हजारोंच्या जाहीर सभेत बोलणे ही साधी गोष्ट नव्हती. साप्ताहिक सुट्टीची मागणी करणारा अर्ज गिरणी मालकांच्या संघटनेला देण्यात आला.

मालकांनी १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मान्य केली.

पीस रेटवर काम करणाऱ्यांसाठी काम बंद म्हणजे त्या दिवसाची कमाई बंद. तरीही कामगारांनी सुट्टी मागितली, कारण शरीराला विश्रांती हवी होती.

दरवर्षी १० जूनला सोशल मीडियावर एक मेसेज फिरतो : लोखंडे यांच्यामुळे या दिवशी संपूर्ण भारताला रविवारची सुट्टी मिळाली. यात थोडी दुरुस्ती हवी. सरकारी कचेऱ्या त्याआधीपासूनच रविवारी बंद असत. १० जूनचा निर्णय मुंबईच्या गिरणी मालकांच्या संघटनेचा होता. देशभरातल्या कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी लागू झाली ती त्यानंतरच्या कायद्याने. रविवार हा खंडोबाचा वार म्हणून निवडला गेला, असेही सांगितले जाते.

१८९१ च्या कायद्याने काय दिले?

भारत सरकारने १८९० मध्ये नवे फॅक्टरी कमिशन नेमले. मुंबईच्या कामगारांचे प्रतिनिधी म्हणून लोखंडे यांना त्यात सहभागी करून घेण्यात आले. सहा वर्षांपूर्वी ते कमिशनच्या दारात निवेदन घेऊन गेले होते. आता ते टेबलाच्या दुसऱ्या बाजूला होते.

त्यातून १८९१ चा फॅक्टरी कायदा झाला आणि १ जानेवारी १८९२ पासून लागू झाला. आठवड्याला एक सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती कायद्यात आली. स्त्रियांसाठी दिवसाला ११ तासांची मर्यादा ठरली. ९ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी झाली आणि ९ ते १४ वयाच्या मुलांसाठी ७ तासांची मर्यादा आली. कायदा लागू होण्यासाठी लागणारी कामगारांची संख्या १०० वरून ५० वर आली.

प्रौढ पुरुष कामगाराच्या तासांवर मात्र अजूनही मर्यादा नव्हती.

‘बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन’ ही खरी युनियन होती का?

लोखंडे यांच्या संघटनेचे नाव बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन. तिचे स्थापना वर्ष काही ठिकाणी १८८४, तर काही ठिकाणी १८९० असे दिले जाते. भारतातली पहिली कामगार संघटना असा तिचा उल्लेख होतो. मात्र आजच्या अर्थाने ती युनियन नव्हती. तिच्याकडे सभासदांची नोंदवही नव्हती, वर्गणीतून उभा राहिलेला निधी नव्हता आणि लेखी घटनाही नव्हती. तत्कालीन सरकारी अहवालातही या उणिवांवर बोट ठेवले गेले. लोखंडे हे कामगारांना सल्ला देणारे, त्यांचे अर्ज लिहिणारे आणि त्यांच्या वतीने बोलणारे स्वयंसेवक होते.

याचा परिणाम पुढे दिसला. १८९७ मध्ये लोखंडे गेले आणि संघटनेचे काम थांबले. सगळे एका माणसावर उभे असेल तर तो माणूस गेल्यावर काय होते, हे मुंबईच्या कामगारांनी अनुभवले. सभासद नोंदवणारी, वर्गणी घेणारी युनियन १९१८ मध्ये मद्रास लेबर युनियनच्या रूपाने उभी राहिली. ‘आयटक’ची स्थापना १९२० मध्ये मुंबईत झाली. युनियनला कायदेशीर मान्यता देणारा ट्रेड युनियन कायदा १९२६ मध्ये आला, म्हणजे लोखंडे यांच्या मृत्यूनंतर २९ वर्षांनी.

गिरणीबाहेर लोखंडे यांनी काय केले?

विधवांच्या केशवपनाच्या प्रथेविरुद्ध १८९० च्या सुमारास त्यांनी मुंबईतल्या नाभिकांना संघटित केले. विधवांचे केस कापणार नाही, अशी भूमिका नाभिकांनी घेतली. ज्याच्या हातून प्रथा चालते त्यानेच काम नाकारायचे, हा मार्ग त्यांनी सामाजिक प्रश्नातही वापरला.

१८९३ मध्ये मुंबईत हिंदू-मुस्लिम दंगल उसळली. गिरणगावात दोन्ही समाजांचे कामगार एकत्र राहत आणि एकत्र काम करत. तणाव कमी व्हावा म्हणून लोखंडे यांनी पुढाकार घेतला. त्या कामाबद्दल सरकारने त्यांना रावबहादूर ही पदवी दिली.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ सुरू झाली. भीतीने लोक शहर सोडून गावाकडे निघाले, गिरण्या ओस पडू लागल्या. लोखंडे मात्र रुग्णांच्या मदतीसाठी शहरातच राहिले. त्यांनाही प्लेगची लागण झाली आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. महिनाभराने, १० मार्च १८९७ रोजी, पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचेही निधन झाले.

टपाल खात्याने ३ मे २००५ रोजी लोखंडे यांच्यावर तिकीट काढले. तरुणपणी त्यांनी याच खात्यात नोकरी केली होती. परळमधल्या राज्य सरकारच्या श्रम विज्ञान संस्थेला आज त्यांचे नाव आहे. कामगार कायदे आणि मनुष्यबळ व्यवस्थापन शिकायला येणारे विद्यार्थी तिथे प्रवेश घेतात.

पाच मागण्या कायद्यात यायला किती वर्षे लागली?

साप्ताहिक सुट्टी आणि दुपारची विश्रांती : १८९१. मागणीनंतर ७ वर्षे.

कामाचे तास : प्रौढ पुरुषांसाठी पहिली मर्यादा १९११ मध्ये आली. कापड गिरण्यांसाठी ती दिवसाला १२ तास होती. १९२२ मध्ये ती ११ तास आणि आठवड्याला ६० तास झाली. १९३४ मध्ये १० तास आणि ५४ तास. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना आठवड्याला ४८ तासांची तरतूद पुढे आली आणि १९४६ च्या दुरुस्तीने ती कायद्यात बसली. मागणीनंतर ६२ वर्षे.

अपघाताची भरपाई : १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा. मागणीनंतर ३९ वर्षे.

वेळेवर पगार : १९३६ चा वेतन प्रदान कायदा. मागणीनंतर ५२ वर्षे.

या आकड्यांत एक गोष्ट स्पष्ट दिसते. दुपारचा अर्धा तास आणि आठवड्याचा एक दिवस तुलनेने लवकर मिळाला. जिथे मालकाला रोख रक्कम मोजावी लागणार होती किंवा यंत्र रोज कमी वेळ चालणार होते, तिथे दोन पिढ्या गेल्या. ५,५०० सह्या करणाऱ्यांपैकी बहुतेकांना अपघात भरपाईचा कायदा पाहायलाही मिळाला नसेल.

आज नियम काय सांगतात?

पगार : नव्या वेतन संहितेनुसार मासिक पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत द्यावा लागतो. राजीनामा दिला किंवा कामावरून काढले तर देय वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत देण्याची तरतूद आहे. ही संहिता कर्मचाऱ्यांच्या संख्येवर अवलंबून नाही. चार माणसांच्या गाळ्यालाही ती लागू होते.

सुट्टी आणि तास : व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेनुसार दिवसाला ८ तासांचे काम आणि आठवड्यातून जास्तीत जास्त ६ दिवस काम, हा मूळ नियम आहे. सुट्टी रविवारीच हवी असे नाही. जादा तासांसाठी दुप्पट दराने वेतन द्यावे लागते.

नियुक्तिपत्र : आता प्रत्येक कामगाराला लेखी नियुक्तिपत्र देणे बंधनकारक आहे. पुढे कोणताही दावा करायचा तर त्या ठिकाणी काम करत होतो हे आधी सिद्ध करावे लागते आणि गाळ्यातल्या कामगाराचे घोडे अनेकदा तिथेच अडते. हे पत्र त्यासाठीच महत्त्वाचे आहे.

अपघात : कामावरच्या अपघाताची भरपाई आता सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. कामावर जाता-येता झालेला अपघातही ठरावीक अटींवर त्यात धरला जातो.

महाराष्ट्रात कामाचे तास वाढले आहेत का?

राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये कारखान्यांतील कामाच्या दैनंदिन तासांची कमाल मर्यादा ९ वरून १२ करण्यास आणि दुकाने व आस्थापनांतील मर्यादा ९ वरून १० करण्यास मंजुरी दिली. तीन महिन्यांतल्या ओव्हरटाइमची मर्यादा दोन्हीकडे १४४ तास करण्याचे ठरले. आठवड्याला ४८ तासांची मर्यादा कायम राहील आणि त्यापुढच्या कामाला दुप्पट वेतन मिळेल, असे सरकारचे म्हणणे आहे. कामगार संघटनांनी याला विरोध केला. जिथे आठवड्याच्या तासांची नोंदच ठेवली जात नाही, तिथे दिवसाची मर्यादा वाढली की कामगाराच्या हाती फक्त लांब दिवस उरतो, हा त्यांचा आक्षेप आहे.

हे नियम कोणाला लागू होत नाहीत?

चंदनसारसारख्या भागासाठी हा सर्वात महत्त्वाचा प्रश्न आहे. कायद्याचा फायदा मिळतो की नाही, हे अनेकदा एका आकड्यावर ठरते. कारखाना कशाला म्हणायचे यासाठीचा आकडा १८८१ मध्ये १०० होता, १८९१ मध्ये ५०, १९२२ मध्ये २० आणि १९४८ च्या कायद्यात विजेवर चालणाऱ्या कारखान्यांसाठी १०. म्हणजे दर वेळी कायद्याचे छत्र अधिक लोकांवर येत गेले. नव्या संहितेत हा आकडा पुन्हा २० झाला आहे. १० किंवा अधिक कामगार असलेली आस्थापना संहितेच्या कक्षेत राहते, पण कारखान्यांसाठीच्या खास तरतुदी २० पासून लागू होतात. राज्याच्या दुकाने व आस्थापना कायद्यातही २०२५ च्या दुरुस्तीने हा आकडा १० वरून २० करण्यात आला.

आठ-दहा माणसे कामाला असलेल्या गाळ्यात याचा थेट परिणाम होतो. मालक एकच असला तरी शेजारशेजारचे दोन गाळे वेगवेगळ्या नावांवर असतील तर कामगारांची संख्या कागदावर कमी दिसू शकते.

ऑफिसातल्या कर्मचाऱ्यांचेही तसेच आहे. व्यवस्थापकीय काम करणारे आणि महिन्याला १८ हजार रुपयांपेक्षा जास्त वेतन घेणारे पर्यवेक्षक ‘कामगार’ या व्याख्येत येत नाहीत. त्यामुळे मॅनेजर हे पद कागदावर मिळाले की ओव्हरटाइमचा हक्क जाऊ शकतो. प्रत्यक्ष काम काय होते यावर न्यायालयात वाद होतात, नुसत्या पदाच्या नावावर निकाल लागत नाही.

ॲपवरून डिलिव्हरी करणाऱ्यांना सामाजिक सुरक्षा संहितेने पहिल्यांदा गिग कामगार म्हणून ओळख दिली. त्यांच्यासाठीच्या निधीत कंपन्यांनी वाटा देण्याची तरतूदही आहे. मात्र साप्ताहिक सुट्टी आणि दिवसाच्या तासांचे नियम त्यांना लागू होत नाहीत.

महिलांच्या लैंगिक छळाविरोधातील २०१३ च्या कायद्यातही आकडा आहे. १० किंवा अधिक कर्मचारी असतील तर अंतर्गत समिती हवी. त्याहून लहान ठिकाणी काम करणाऱ्या महिलेला जिल्हा पातळीवरच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. त्यामुळे गाळा लहान आहे म्हणून तक्रारीची सोयच नाही, असे होत नाही.

कामगाराने स्वतःजवळ काय ठेवावे?

नियुक्तिपत्राची प्रत, पगाराची स्लिप किंवा बँक खात्यातली नोंद, ओळखपत्राचा फोटो, हजेरी किंवा पंचिंगचा स्क्रीनशॉट, जादा तास थांबण्याबाबत आलेले मेसेज. हे सगळे कंपनीच्या ईमेलवर न ठेवता स्वतःच्या फोनमध्ये ठेवावे, कारण नोकरी जाते त्याच दिवशी ईमेल बंद होतो. अपघात झाल्यास उपचाराच्या कागदांवर दुखापत कुठे आणि कशी झाली हे लिहून घ्यावे.

पगार, सुट्टी किंवा नोकरीवरून काढल्याची तक्रार राज्याच्या कामगार आयुक्तालयाच्या कार्यालयात करता येते. कारखान्यातली यंत्रे आणि सुरक्षेबाबतची तक्रार औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे जाते. एकट्याने अर्ज देण्यात नोकरी जाण्याची भीती असते आणि ती खोटी नाही. सात किंवा अधिक कामगार एकत्र आले तर युनियनच्या नोंदणीसाठी अर्ज करता येतो, मात्र त्यासाठी आस्थापनेतल्या १० टक्के किंवा १०० कामगारांचे, यांपैकी जे कमी असेल तेवढ्यांचे, सभासदत्व लागते. सभासदांची यादी, वर्गणी आणि लेखी घटना त्या अर्जासोबत द्याव्या लागतात. लोखंडे यांच्या संघटनेकडे या तीनच गोष्टी नव्हत्या.